साडूभाऊंचा पाय आणि माझे वायसर

साडूभाऊंच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला काही वर्षं लागली. आता ते बोलून झालंय, ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलंय, म्हणून आज मी ते शांतपणे लिहू शकतो.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याकडून एखादी गोष्ट काढून घ्यायची म्हणजे गंजलेला नट सोडवायचा. पूर्वी ती हे कौतुकानं म्हणायची. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नसणार असा लोकांचा एक समज असतो. त्या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतला.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोल्हापूरचे, अमिरातीत माझ्या कितीतरी आधी आलेले. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं गॅरेज आहे. बाहेरून बघाल तर आजूबाजूच्या शटरांसारखंच एक शटर. आत मात्र लांब बॉनेटच्या, दोन दरवाज्यांच्या जुन्या अमेरिकन गाड्या, एकेकाळी नुसत्या ताकदीसाठी नावाजलेल्या. इथल्या अरब लोकांना त्यांचा मोठा शौक. कुणाच्या तरी वडिलांची गाडी कंपाउंडात वाळूत रुतून पडलेली असते, मुलगा ती रिकव्हरीच्या ट्रकवर टाकून आणतो आणि सांगतो, जुनं इंजिन गेलंय, याच्यात मोठं बसवून द्या. साडूभाऊ ते बसवून देतात. निम्म्या शहराला त्यांचा फोन नंबर पाठ आहे असं त्यांचं म्हणणं. शहर लहान आहे, तेव्हा खरंही असेल.

मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, दुबईत एका पंपांच्या कंपनीत परचेसला. राहतो ऊद मेथाला, मुलीची शाळा तिथे म्हणून. शनिवार उजाडला की आम्ही तिघं उम्म अल कुवैनला. बायको आणि मुलगी ताईंच्या घरी उतरायच्या, मी पुढे गॅरेजात. पाना धरणं हे माझं काम नव्हतं. कुठला पार्ट कशाला जुळतो ते शोधायचं, मागवायचं आणि आल्यावर बघून सांगायचं, हे माझं काम.

लोकांना वाटतं इंजिन बदलणं म्हणजे इंजिनाचं काम. खरी अडचण चासीची असते. सहा सिलिंडरचं इंजिन काढून तिथे आठ सिलिंडरचं धूड ठेवायचं, तर पुढच्या स्प्रिंगा कडक लागतात, नाहीतर गाडी नाक खाली घालून चालते. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर स्टिअरिंगच्या दांड्याला घासतंय का बघावं लागतं. गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर सरकवावा लागतो, तो सरकला की शाफ्टची लांबी चुकते. एक जुळवावं तर दुसरं निसटतं. मला या कामात गोडी होती. ऑफिसात माझ्या सहीनं हजारो पार्ट यायचे-जायचे, पण त्यातला एकही मी कुठे बसलेला पाहिला नव्हता.

इंजिन साखळीवर लटकलेलं असायचं आणि साडूभाऊ घाम पुसत विचारायचे, "काय पावणं, बसतंय न्हवं?"

मी खाली वाकून बघायचो आणि म्हणायचो, "बसेल."

"झालं तर मग. इंजिनिअर म्हणतोय म्हणजे बसणारच. न्हाई बसलं तर इंजिनिअरलाच बसवू त्या जागी."

गॅरेजात एक हिरवी गाडी मात्र साडूभाऊंची स्वतःची होती. रास अल खैमाच्या वाटेवर एका मळ्यात खजुरांच्या झाडांखाली उघड्यावर पडलेली त्यांना दिसली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या केल्या, ही आपली, असं म्हणून त्यांनी ती आणली. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून दोन हिवाळे आम्ही तिच्यामागे होतो. ती दसऱ्याला बाहेर काढायची असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे साडूभाऊंनी ठरवलं होतं.

त्यांच्या गॅरेजात दसरा काटेकोर असायचा. खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून, पाटांवर मांडायची. पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचा मुखवटासुद्धा. दसऱ्याला पूजा, आणि पूजा उठेपर्यंत पान्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे गाडीचं जे काही करायचं ते नवमीच्या आत. घरी ताईंनी सगळ्या ओळखीच्यांना जेवायला बोलावलं होतं. झेंडू आणि आपट्याची पानं बर दुबईहून मी आणायची होती.

आता इंजिनाच्या फाउंडेशनचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. चासीवर दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी घोडी बोल्टनं आवळलेली असते. इंजिनाला दोन्ही बाजूंना रबरी माउंट असतात. रबर घोडीत बसतं आणि दोघांतून एक लांब बोल्ट आडवा जातो. इंजिन चासीला धरून राहतं ते या दोन जोड्यांवर. त्या काळच्या या गाड्यांत अशा जोड्यांच्या दोन तऱ्हा होत्या. एक उंच आणि अरुंद, दुसरी बुटकी आणि रुंद. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. आमच्या चासीवर रुंद घोडी होती. मी मागवलेली रबरं अरुंद निघाली.

नवमीच्या आदल्या दिवशी, गाडीखाली आडवा पडून, ते रबर घोडीत धरून बघताना माझ्या लक्षात आलं. दोन्ही बाजूंना फट. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. बरोबरची जोडी अमेरिकेहून यायला काही आठवडे लागणार. वर साडूभाऊ इंजिन साखळीवर धरून उभे होते.

"काय पावणं, बसतंय न्हवं?"

त्यांना एवढंच सांगायचं होतं, की नाही बसत, मी चुकीचं मागवलं. दसरा गेला असता, ताई चिडल्या असत्या, साडूभाऊंनी वर्षभर चिडवलं असतं. मी हात लांब करून डब्यातले वायसर, बोल्टाला घालायच्या त्या लोखंडी चकत्या, घेतले, दोन्ही बाजूंच्या फटी भरल्या आणि बोल्ट सरकवला. तो सरळ आत गेला.

"बसेल," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी गुपचूप बरोबरची जोडी मागवली. मनाशी म्हटलं, आली की एखाद्या शनिवारी बदलून टाकू, कुणाला कळायचंही नाही. ती आली, माझ्या गाडीच्या डिकीत पडली आणि तिथेच राहिली. बदलायची म्हणजे का बदलायची ते सांगावं लागणार होतं. दर शनिवारी मी ती डिकीत घेऊन उम्म अल कुवैनला जायचो आणि तशीच घेऊन परत यायचो.

दसरा मात्र असा झाला की काय सांगू. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार. साडूभाऊंनी किल्ली फिरवली आणि त्या इंजिनाच्या आवाजानं शेजारच्या गॅरेजातले पठाण हातातलं टाकून बाहेर आले. "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत त्यातल्या एकानं साडूभाऊंना मिठी मारली. मी मागे उभा राहून हसत होतो. लोक मलाही शेकहँड करत होते.

पुढे थंडी पडली. एका सकाळी साडूभाऊ एकटेच गाडी घेऊन फलज अल मुअल्लाच्या रस्त्याला गेले. पाण्याचा एक टँकर ओलांडायला त्यांनी जोरात रेस दिली. टँकर मागे पडला, त्यांनी पाय उचलला, पण गाडीचा वेग कमी होईना, उलट वाढतच गेला. त्यांनी डोकं शांत ठेवून न्यूट्रल केली, किल्ली बंद केली, आणि गाडी रस्ता सोडून वाळूच्या बांधावर चढून थांबली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं हे नशीब. साडूभाऊंचं कॉलरबोन मोडलं.

काय झालं असणार ते मला फोनवरच समजलं होतं. जोराची रेस दिली की एवढं इंजिन डाव्या अंगाला वर उठू बघतं. तिथलं रबर तुटलं की ते खरोखरच उठतं, आणि उठताना पेडलपासून आलेला रेसचा दांडा आपणच ओढून घेतं. मग पाय असो नसो, रेस चालूच.

हॉस्पिटलात साडूभाऊ पहिलं वाक्य बोलले ते बरोबर होतं. "पाय उचलला होता मी. रेसच सुटंना."

"अडकला असेल तुमचा पाय," ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "शुगर आहे. डॉक्टर सांगत नव्हते का, पायाची जाणीव कमी होते म्हणून? तुम्हाला कळलंच नसेल."

"अगं, उचलला होता."

"तुम्हाला वाटलं उचलला."

साडूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, इंजिनाचंच काय असंल का ओ?"

"बघतो," मी म्हणालो.

आणि बघितलं. गाडी ओढून गॅरेजात आणून ठेवली होती; सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसताना गेलो. डावं रबर मधोमध फाटून दोन तुकडे झालं होतं, एक वायसर दुमडून चपटा झाला होता. मी इंजिनाखाली जॅक लावला, ते सगळं काढलं, डिकीतली बरोबरची जोडी बसवली. ती काय सुरेख बसली! बोल्ट नुसत्या बोटानं आत गेला. जुनं सगळं शटराबाहेरच्या भंगाराच्या पिंपात टाकलं, वर चिंध्या लोटल्या.

काही दिवसांनी हात गळ्यात बांधलेले साडूभाऊ गॅरेजात आले. "काय घावलं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

मग कामगारांनी पुढचा भाग ठोकून नीट केला, रंग दिला, आणि गाडी ट्रायलला काढली. दहादा काढली. ती इतकी छान चालली की कुणाच्या मनात शंका उरली नाही. गाडीत काहीच दोष नाही, म्हणजे दोष पायाचा. माझ्या एका दुरुस्तीनं हे सिद्धच झालं.

साडूभाऊंनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. हिरवीच्याही नाही आणि घरच्या पांढऱ्या साध्या गाडीच्याही नाही. इथे गाडी न चालवता जगणं काय असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सकाळी कुणी कामगार त्यांना न्यायला यायचा. भाजीला जायचं तरी टॅक्सी, आणि टॅक्सीचे दिरहम ऐकले की ताई तिथल्या तिथे रुपयांत करून मोठ्यानं सांगायच्या. अबू धाबीला अल रीम आयलंडवर त्यांचा मुलगा राहतो. नातू झाला, तेव्हा आजोबा त्याला बघायला गेले ते मी नेलं म्हणून. पुढे नातू बोलायला लागला तरी त्यांच्या फेऱ्या हाताच्या बोटांवर. मुलाला सारखं कसं म्हणायचं, ये न्यायला म्हणून.

पायाशी त्यांनी एक वेगळंच वैर धरलं होतं. घरात अनवाणी फिरायचे, फरशी गार लागते का बघायला. कधी सोफ्यावर पाय लांब करून डोळे मिटायचे आणि ताई आगकाडीनं त्यांच्या बोटांना टोचायच्या.

"सांगा, कुठलं?"

"करंगळी."

"तिच्या शेजारचं होतं."

"अगं, मग जवळच आलं की!"

"जवळ येऊन चालतं का? ब्रेक शेजारीच असतो की तुमच्या त्या रेसच्या."

मी समोर बसून पोहे खात असायचो. शेवटच्या घासापर्यंत संपवायचो. उरवले असते तर ताईंनी विचारलं असतं, काय झालं.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा गणपतीला, हॉलमध्ये आरती संपल्यावर, त्यांना बाजूला घेतलं. "साडूभाऊ, त्या गाडीचं एक..." एवढं बोललो, आणि कुणीतरी हाका मारत आलं. त्या माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले. जाता-येता ते माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे आणि माझ्या उजव्या पायाकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "तुमचं बरंय पावणं. पाय सांगंल तसं ऐकतोय." त्या दिवशी घरी पोचलो, पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि बराच वेळ उतरलो नाही. बायकोला सांगितलं, ऑफिसचा फोन येणार आहे.

मग यंदाच्या सुरुवातीला साडूभाऊंनी जाहीर केलं. "खलास. लई झालं. गॅरेज देऊन टाकतो, कोल्हापूरला जातो. तिथं निदान रिक्षा तरी दारात हाय." मुलगा आणि नातू इथे, ताईंना काय वाटत असेल ते चेहऱ्यावर दिसत होतं. हिरवी घ्यायला एक अरब गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. "पावणं, तुम्ही या. कुठला पार्ट कशाचा, तुमच्यागत मला सांगता यायचं न्हाई."

त्या शनिवारी मी लवकर पोचलो. हिरवी लिफ्टवर वर घेतलेली होती, गिऱ्हाइकाला खालून बघता यावी म्हणून. साडूभाऊ हातात टॉर्च घेऊन खाली उभे होते. टॉर्चचा उजेड त्या डाव्या फाउंडेशनवर पडला आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर हा माणूस एका खोट्यापायी देश सोडून जाईल. मी त्याला विमानतळावर सोडायला जाईन. त्याची बॅगही उचलेन.

"साडूभाऊ, तुमचा पाय नव्हता."

"कुठं नव्हता?"

"रेसवर. त्या दिवशी तुम्ही पाय उचलला होता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं."

त्यांनी टॉर्च बंद केला नाही. तो तसाच वर रोखलेला. मी बोलत गेलो. अरुंद रबर, रुंद घोडी, वायसर, डिकी, भंगाराचं पिंप. कधी नव्हे इतकं सलग बोललो. मधे ते दोनदाच बोलले.

"डावं?"

"डावं."

"पार तुटलं हुतं?"

"दोन तुकडे."

माझं संपल्यावर ते एका टायरवर बसले. उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पायाची बोटं हलवून बघत राहिले. एकेक करून. मी कुठे बघावं ते मला कळेना.

मग त्यांनी मान वर केली. आजवर ते मला अहो-जाहोच करत आले होते, ते त्या मिनिटाला सुटलं.

"वायसर घातलास, त्ये एक येळ मी समजतो. दसऱ्यापायी मीबी घातलं असतं. पण गळ्यात हात बांधून मी हितं येऊन तुला इचारलं, काय घावलं? तवा?"

"तेव्हा नाही सांगितलं."

"का?"

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?"

"ताईंची," मी म्हणालो. खरं तेच होतं.

ते मला मारतील असं वाटलं. त्याऐवजी त्यांच्या तोंडातून एक हसू निसटलं, त्यांना नको असताना. "मर्दा, मी रोज ऱ्हातोय की तिच्यासंगं!" आणि लगेच चेहरा पुन्हा कठीण झाला. "एवढी वर्षं मी ह्या पायाला शिव्या घातल्या. नातू उचलून घ्यायला भ्यालो मी, जिन्यात पाय दगा दील म्हणून. ठाव हाय का तुला?"

मला हे ठाऊक नव्हतं. पायाचं भय गाडीपुरतंच आहे, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले, हसतमुख गृहस्थ. एका पायात बूट नसलेले साडूभाऊ तसेच उठून त्यांच्याकडे गेले. "हबीबी, माफ करना. गाडी नहीं बेचनी." गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, साडूभाऊंच्या पायाकडे बघितलं. चहा घेतला, "इन्शाल्ला, जब मन करे" म्हणाले आणि गेले.

"चल घरी," साडूभाऊ बूट चढवत म्हणाले. "तिला तू सांगायचंस. मी न्हाई सांगणार."

सांगितलं. ताई, माझी बायको आणि मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, मी उभा होतो. दुसऱ्यांदा सांगताना वाक्यं छोटी झाली. ताई मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्या साडूभाऊंकडे वळल्या.

"आणि तुम्ही? तुमचा पाय होता ना? तुम्हाला माहीत होतं ना उचलला होता ते? मग माझं इतकं का ऐकून घेतलंत?"

"तुम्ही समदे म्हणत हुता," साडूभाऊ म्हणाले. "मग मला वाटलं, आसंल. आपलं काय, चुकलं आसंल."

ताईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, यू कुड हॅव जस्ट टोल्ड हिम." तेवढंच. तिला ते खरोखर तितकं सोपं वाटत होतं, आणि ते तितकंच सोपं होतं.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा बायको समोर बघत म्हणाली, "आणखी काही आहे का? असेल तर आत्ताच सांगून टाका, ट्रॅफिक आहे तोवर."

"नाही. एवढंच."

"बघा हं आठवून."

मी खरोखर आठवून बघितलं. काही नव्हतं. आणि तिथे, शेकडो ब्रेक लाइटांच्या मागे अडकून पडलेलो असताना, मला अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं इतकं हलकं वाटलं की मी तिला म्हणालो, चहा घेऊ या का कुठेतरी. ती म्हणाली, तुम्हाला सुचतात कसे हो असले धंदे. पण घेतला. कडक करक चहा, कागदी कपात, गाडीतच बसून.

पुढचे काही आठवडे साडूभाऊंनी माझा फोन उचलला नाही. मला वाईट वाटलं, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी ते प्रेमानं बोलायचे आणि मला ते सोसायचं नाही. आता रागावले होते, तो राग माझाच होता, पत्ता बरोबर होता.

त्या काळात ते डॉक्टरकडे जाऊन आले. नुसत्या अंदाजावर चाललेली गोष्ट पहिल्यांदाच नीट तपासली गेली. नसांची टेस्ट केली. उजवा पाय व्यवस्थित आहे, डाव्याची बोटं जरा मंद आहेत, शुगर सांभाळा, गाडी चालवायला हरकत नाही, दर काही महिन्यांनी दाखवून जा, असं डॉक्टर म्हणाले. हे मला बायकोकडून कळलं. ताईंनी विचारलं होतं म्हणे, डावा मंद आहे त्याचं काय? तर साडूभाऊ म्हणाले, "डाव्याला काय काम हाय? गाडी आटोमॅटिक."

मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. "ये. शेजारी बसाय कुणीतरी पायजे."

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत ते पांढरी गाडी घेऊन गोल गोल फिरले, मी शेजारी. पहिल्यांदा ब्रेक इतका जोरात दाबला की दोघंही पुढे आदळलो. "लागला," ते समाधानानं म्हणाले. मग पुन्हा रेस, पुन्हा पाय वर, गाडी हळू होते का ते बघणं. ती प्रत्येक वेळी हळू होत होती. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघत होते आणि मी मान हलवत होतो. त्यांनी मला माफ केलं का हे मी विचारलेलं नाही. ताई चहा देतात, पण पूर्वीसारखं 'भाऊजी, अजून अर्धा?' असं विचारत नाहीत. बरोबर आहे. अर्धा कप चहा तोडल्यानं काही बिघडत नाही.

गेल्या महिन्यात नातवाचा वाढदिवस होता. साडूभाऊ म्हणाले, सगळे एका गाडीतून जाऊ, मी चालवतो. माझी मुलगी मैत्रिणीकडे राहिली. मागे ताई आणि माझी बायको, मांडीवर केकचं खोकं. पुढे मी. थ्री-इलेव्हन हायवेवर ते उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या रांगेत, बेतानं चालवत होते. मागून कुणी लाइट मारला की म्हणायचे, "जा की बाबा, जा. यल्ला."

"हळू हो," मागून ताई.

"हळूच हाय."

"त्याच्यापेक्षा हळू."

"त्याच्यापेक्षा हळू म्हंजे पोलीस चौकशी करत्यात, बाई."

सुरुवातीला मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. पाय रेसवर ठेवला जात होता, उचलला जात होता, ब्रेकवर जात होता, परत येत होता. कुठल्याही माणसाचा पाय करतो तेच. जेबेल अली मागे पडलं. मग वाळवंट, कुंपणं, खजुरांच्या ओळी. मागे दोघी बहिणी कुणाच्या तरी लग्नाबद्दल काही बोलत होत्या, त्यातले शब्द सुटे सुटे ऐकू येत होते. मी डोकं खिडकीला टेकवलं.

जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती. पार्किंगच्या काँक्रीटच्या खांबांमधून रीमचे उंच मनोरे आणि मधे थोडं पाणी दिसत होतं. मी डोळे पुरते उघडले नाहीत. साडूभाऊ किल्ली काढून हातात घेत होते आणि मागे वळून बायकांना सांगत होते, "बघा कसा घोरतोय. जेबेल अलीपास्नं हितवर. निर्लज्ज." मग माझ्या खांद्याला हलवून म्हणाले, "ऊठ, आलो आपण. केक तू धर, मी नातू घेणार हाय."